पंचविशीत चाळिशीचा आवाज काढू नका: तरुण ऑपेरा बासच्या नेहमीच्या चुका

टेनर (उंच पुरुषी आवाज) आणि सोप्रानो (उंच स्त्री आवाज) यांना पंचविशीत बरी कामं मिळू लागतात. बासला, म्हणजे सगळ्यांत खालच्या पुरुषी आवाजाला, मात्र थांबावं लागतं. हा जड आवाज नीट बसायला तिशी उजाडते, कधी त्याहून उशीर होतो. हे थांबणं जमत नाही आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आवाज मुद्दाम गडद करणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. जिभेचं मूळ खाली दाबलं, हनुवटी छातीकडे ओढली की छोट्या खोलीत आवाज एकदम भारदस्त वाटतो. गाणाऱ्याच्या स्वतःच्या कानाला तर फारच. पण ऑपेरात माईक नसतो. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्यावरून गायकाचा आवाज पलीकडे पोचतो तो 2400 ते 3000 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या झळाळीमुळे. आवाज गिळला की नेमकी तीच जाते. मग मागच्या रांगांना नुसती घुमघुम ऐकू येते.

ओळखायचं कसं? फोन पियानोशेजारी न ठेवता सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करा. तुमचे 'आ' आणि 'ओ' वेगळे ऐकू येतात का ते बघा. मधल्या पट्टीतला एक सूर हलका सुरू करून वाढवा आणि परत हलका करा. हे जमत नसेल तर घशावर दाब आहे असं समजा. उपाय कंटाळवाणा आहे: थोडे दिवस खालचे सूर बाजूला ठेवायचे आणि शिक्षकासमोर बसून मधली पट्टी 'ई' असा उच्चार करत मोकळी करायची.

खालच्या सुरांची फुशारकी

झोपेतून उठल्यावर खालचा डी हा पाश्चात्त्य सूर लागला म्हणून तो लगेच बायोडेटात लिहू नका. सकाळी स्वरतंतू किंचित सुजलेले असतात, म्हणून आवाज खाली जातो. पहाटे खर्ज भरणाऱ्या आपल्याकडच्या गायकांना हे सांगायला नको. मोझार्टच्या 1782 च्या ऑपेरातला ओस्मिन तो डी संध्याकाळी, ऑर्केस्ट्रा वाजत असताना, लांबवून गातो. ज्याच्यासाठी ही भूमिका लिहिली तो लुडविग फिशर तेव्हा छत्तिशी ओलांडलेला होता. निवड करणारे तर आधी तुमचे वरचे ई आणि एफ हे सूर ऐकतात, कारण तरुण बास अडखळतो तो तिथेच.

'अमुक तर अठराव्या वर्षी गायला' हा दाखला

इटालियन बास चेझारे सिएपीचं नाव इथे हमखास येतं. 1941 मध्ये, अठराव्या वर्षी, तो 'रिगोलेत्तो'मधला स्पाराफुचिले गायला आणि 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात थेट व्हेर्दीच्या 'डॉन कार्लो'मधला फिलिप राजा. खरं आहे, पण स्पाराफुचिले ही मोजक्या प्रवेशांची भूमिका आहे हे सांगणारा विसरतो.

दुसरा दाखला जास्त चिवट आहे. 1791 मध्ये 'मॅजिक फ्लूट'मधला पहिला सारास्त्रो गायलेला फ्रान्त्स गेर्ल फक्त 26 वर्षांचा होता. मग आपण का नको? कारण ते व्हिएन्नातलं उपनगरी थिएटर होतं, आजच्या मेट्रोपॉलिटनसारखं सुमारे 3800 आसनांचं सभागृह नव्हे. शिवाय सारास्त्रोच्या प्रार्थनेत मोझार्टने व्हायोलिन ठेवलेलीच नाहीत, त्यामुळे आवाजाला जागा मिळते. छोट्या थिएटरात सारास्त्रो जरूर गा. व्हेर्दीचा फिलिप राजा मात्र थांबू शकतो.

आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांचे दाखले का देत नाही कोणी? अमेरिकन बास सॅम्युअल रेमी 1973 मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात आला तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि भूमिका होती 'कार्मेन'मधला झुनिगा. मेट्रोपॉलिटनमध्ये तो पोचला 1984 मध्ये.

ऑडिशनला पाच गाणी, पाचही संथ

बासची प्रसिद्ध गाणी बहुतेक प्रार्थना नाहीतर विलाप. यादी तशीच केली तर समोरचे पेंगतात. 'ला बोएम'मधल्या कोलीनाचं कोटाला निरोप देणारं गाणं असू द्या, ते छोटं आणि वयाला साजेसं आहे. पण सोबत 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधल्या बासिलिओचं किंवा 'डॉन जोव्हान्नी'तल्या लेपोरेल्लोचं काहीतरी चटपटीत ठेवा. पहिलं गाणं सहसा तुम्ही निवडता, पुढचं निवड करणारे. म्हणून यादीत 'फक्त दाखवायला' काही नको. 'येवगेनी ओनेगिन'मधला म्हातारा जनरल ग्रेमिन गाताना पाठ वाकवू नका. त्याचं वय चालकोव्स्कीने सुरांत घातलं आहे, तुम्ही सरळ उभे राहा.

छोट्या भूमिकेत आवाज थंड पडणं

'डॉन जोव्हान्नी'तला कोमेंदातोरे पहिल्या काही मिनिटांत मारला जातो आणि खरं काम असतं शेवटी, पुतळा होऊन. मधले तास तरुण गायक कँटीनमध्ये गप्पा मारत, काहीबाही खात घालवतो. मग पुतळ्याचा पहिलाच सूर घोगरा निघतो. 1787 च्या प्राग प्रयोगात ही अडचण नव्हती, कारण जुझेप्पे लोल्ली मधल्या वेळात मासेत्तोही गात होता. तुम्ही निदान मध्यंतरात गुणगुणून आवाज गरम ठेवा, जेवण प्रयोगानंतर. भरल्या पोटी श्वास आखडतो आणि आम्लपित्त वर आलं तर घसा जळतो, तो दुसऱ्या दिवशीच्या तालमीलाही नडतो.

करार न वाचता सही

जर्मनीतल्या थिएटरात कायम मंडळीत जागा मिळणं ही उत्तम शाळा. जर्मन बास कुर्ट मोल कोलोन, माइन्त्स, वुपर्टाल असं करत हाम्बुर्गला पोचला. पण छोट्या थिएटरात बास एखाद-दुसराच असतो, म्हणून गंभीर, विनोदी, म्हातारा, सैतान सगळं त्याच्याच गळ्यात. सही करण्याआधी पहिल्या हंगामातल्या भूमिका लेखी मागा आणि पेलणार नाही ती भूमिका तिथेच नाकारा. तालमी सुरू झाल्यावर नकार दिला तर बदली गायक शोधायची धावपळ थिएटरला करावी लागते, आणि पुढचा हंगाम ठरवताना ते हे विसरत नाहीत.