अंगणात आपोआप उगवलेलं रोप: सुबाभूळ की गुलमोहर?

आधी पान कुठे सुरू होतं ते शोधा. देठ खोडाला मिळतो तिथे बगलेत कळी असते. पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या एका छोट्या पात्याच्या, बुडाशी ती नसते. हे चुकलं की संयुक्त (अनेक पर्णिकांच्या) पानातली एक पर्णिकाच लोक पूर्ण पान समजतात आणि पुढची सगळी ओळख चुकते.

बारीक पिसासारखी पानं दिसली की गुलमोहर समजून पाणी घातलं जातं. बऱ्याचदा ती सुबाभूळ असते. भिंग घेऊन देठ पाहा. सुबाभळीत पानाच्या पहिल्या उपशाखांच्या जोडीपाशी देठावर वाटीसारखी छोटी ग्रंथी असते. गुलमोहरात ती नसते, पण देठाच्या बुडाशी कंगव्यासारखी कातरलेली उपपर्णं (पानासारखे छोटे भाग) दिसतात. ती नंतर गळतात, म्हणून शेंड्याजवळचं पान तपासा. सुबाभूळ नको असेल तर लहानपणीच, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, सोटमुळासकट उपटा. नुसती छाटली तर ती बुंध्यातून पुन्हा फुटते.

अगदी कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांवर विसंबू नका. कडुनिंबाची सुरुवातीची पानं तीन पर्णिकांची, खोल कातरलेली असतात. नेहमीची लांब पानं नंतर येतात. घाई नसेल तर थांबा.

देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर वड, पिंपळ, उंबर यांचा विचार करा. रुईलाही चीक येतो आणि तो डोळ्यांना घातक, म्हणून हात लगेच धुवा. चव घेऊन तर कधीच पाहू नका. बिब्ब्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात.