व्हिडिओ गेमवरचा हौशी अंक: वाचकाला बोलतं कसं करायचं

इंदूरला आम्ही चौघं मिळून व्हिडिओ गेमवरचा एक छोटा मराठी अंक दर तीन महिन्यांनी काढतो. चोवीस पानं, ए-फाइव्ह आकार, मधोमध पिना. असं काही सुरू करू पाहणारं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेले असतात: सॉफ्टवेअर कोणतं, छपाईला किती लागतात, गेम फुकट मिळतात का. याची उत्तरं थोड्या चौकशीने मिळून जातात. अंक हातात पडल्यावर वाचक त्याचं काय करतो, हे कळायला मात्र खूप वेळ लागतो. हौशी अंक चालू राहतो की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बंद पडतो, हे त्यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून छपाईचं थोडक्यात सांगतो आणि वाचकाचं सविस्तर.

हौशी म्हणजे कच्चं, हा समज आधी मनातून काढा. अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक १९८१ मध्ये निघालं. ते काढणारे आर्नी कॅट्झ, बिल कंकेल आणि जॉइस वर्ली हे तिघंही विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेल्या घरगुती अंकांत, म्हणजे फॅनझीनमध्ये, तयार झालेले होते. या फॅनझीनांची एक रीत होती. अंक हवा असेल तर पैसे पाठवा, किंवा बदल्यात तुमचा अंक पाठवा, किंवा मागच्या अंकावर सविस्तर पत्र लिहा. पत्र लिहिणाऱ्याला पुढचा अंक फुकट. यातली पत्राची अट आम्ही जशीच्या तशी उचलली. आमच्या अंकाची किंमत मलपृष्ठावर छापलेली असते आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं, ‘किंवा मागच्या अंकावर तुमचं म्हणणं’. शाळेतल्या मुलांकडे पैसे नसतात, मतं भरपूर असतात. फुकट वाटलेला अंक लोक घडी करून ठेवून देतात. ज्याच्या बदल्यात काही सांगायचं आहे, तो अंक वाचला जातो.

पहिला अंक दिवाळीच्या सुमाराला काढा. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत दिवाळीला अंक हाताळायची सवय आहे आणि ती महाराष्ट्राबाहेरही टिकून आहे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत वावरतात, पण घरी आजी-आजोबा मराठी वाचणारे असतात. दिवाळीत टीपॉयवर पडलेला अंक नातवाच्या आधी आजोबा उचलतात. त्यामुळे आम्हाला दोन तऱ्हेचे वाचक आपोआप मिळाले: खेळणारे, आणि खेळणाऱ्यांची काळजी करणारे. दोघांचं ऐकून घेतलं तरच अंकात काय हवं ते समजतं.

खेळणाऱ्यांकडून सुरुवातीला जी मतं आली त्यांत आमच्या लिखाणाबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. बहुतेकांचा एकच प्रश्न होता, ‘माझ्या फोनवर चालेल का?’ परदेशी मासिकं वाचून परीक्षण लिहायला शिकलेल्या माणसाला कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आणि भारी कम्प्युटर गृहीत धरायची सवय लागलेली असते. आपल्याकडचा बहुसंख्य वाचक फोनवर खेळतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल या नेमबाजीच्या गेमवर भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आला, या दोन तारखा आमच्या वाचकांना परीक्षेच्या तारखांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. आता प्रत्येक परीक्षणाखाली एक चौकट असते: गेम किती जागा खातो, चार जीबी रॅमच्या फोनवर कसा चालतो, अर्ध्या तासात फोन तापतो का, नेट नसताना खेळता येतो का. यासाठी एक स्वस्त, जुना फोन मुद्दाम बाळगा आणि परीक्षण त्याच्यावरही खेळून लिहा.

काळजी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: ‘यात पैसे कुठे जातात?’ गेम फुकट उतरवता येतो, मग मुलगा पैसे कशाचे मागतो, हे अनेक आयांना खरोखरच समजत नाही. म्हणून दुसरी चौकट आली. गेम पैसे कधी मागतो, न देता पुढे जाता येतं का, काय मिळणार हे आधी दाखवतात की नशिबावर पेटी उघडावी लागते. ही चौकट लिहायला सगळ्यात जास्त मेहनत पडते, कारण गेम बराच पुढेपर्यंत खेळल्याशिवाय ती भरता येत नाही. अंकातलं आमचं सर्वांत उपयोगी काम मला हेच वाटतं.

परीक्षणाबद्दल थोडं. ‘ग्राफिक्स जबरदस्त, गेमप्ले मस्त’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. गेममध्ये हात काय करतात ते सांगा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. त्याबद्दल लिहिताना ‘भारतीय वातावरण सुंदर आहे’ इथे थांबू नका. भावाला शोधायला निघालेली यातली राजी ही मुलगी खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या वेगात वार करते, म्हणून लढाईत आसपासच्या खांबा-भिंतींकडे लक्ष ठेवावं लागतं. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, त्यामुळे उडी कुठे पडेल याचा अंदाज कधी कधी चुकतो. एवढं वाचून वाचक स्वतः ठरवू शकतो.

गुण द्यायचे की नाहीत यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. जपानच्या ‘फामित्सू’ या गेमवरच्या नियतकालिकाची पद्धत मला आवडते: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये झेल्डा मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ला. बेरजेपेक्षा चार माणसं एकाच गेमबद्दल शेजारी शेजारी वेगळं बोलतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आम्ही मुख्य परीक्षणाशेजारी दोन छोटी मतं छापतो. एक त्या प्रकारात मुरलेल्या खेळाडूचं आणि एक अगदी नवख्याचं. नवख्याचं मत बहुतेकदा माझ्या मित्राच्या आत्याचं असतं. त्या फोनवर कोडी सोडवतात, बाकी काही खेळत नाहीत. ‘सुरुवातीला दहा बटणं दाखवली, मी बंद केला’ हे त्यांचं वाक्य आमच्या दोन पानांपेक्षा जास्त लोकांच्या लक्षात राहिलं.

आता छपाई. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर मध्ये पिना मारताना कोरी पानं उरतात. मांडणीसाठी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट हाताळतं, फक्त नवी आवृत्ती घ्या. ‘मुक्त’ नावाचा टाइप (फॉन्ट) मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. कोणी कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून लेख पाठवला तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाई, जास्त असतील तर ऑफसेट. फुल एचडी स्क्रीनशॉट १९२० बाय १०८० पिक्सेलचा असतो, म्हणजे ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) सुमारे सोळा सेंटिमीटर रुंद. ए-फाइव्ह पानाची रुंदी १४.८ सेंटिमीटर. पूर्ण चित्र पानाच्या रुंदीभर छान बसतं, पण त्यातला कोपरा कापून मोठा केला की तो फुटतो. स्क्रीनवर झगमगणारा रात्रीचा प्रसंग कागदावर नुसता काळा डाग होतो. आमच्या छापखान्यातल्या दादांनी पहिलं प्रूफ बघूनच सांगितलं होतं, ‘भिया, काला बहुत है, दब जाएगा.’ तेव्हापासून स्क्रीनशॉट घेण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये उजेड वाढवतो. नंतर चित्र उजळण्यापेक्षा हे चांगलं.

आणि आता वाचक. ‘अंक कसा वाटला?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. आपल्या माणसांत त्याचं उत्तर ‘छान’ असंच येतं, कारण समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं. मत विचारण्यापेक्षा वाचकाने काय केलं ते विचारा. आमचे तीन प्रश्न असतात. कोणता लेख अर्धवट सोडलात, आणि कुठे? कोणतं पान दुसऱ्या कुणाला दाखवलंत? वाचून कोणता गेम उतरवलात किंवा उतरवायचा टाळलात? यांना ‘छान’ म्हणून उत्तर देता येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना लोक सुरुवातीला संकोचतात. ‘आम्हाला ते पान दुरुस्त करायचंय’ असं सांगितलं की मोकळे होतात. तीनपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका, चौथ्याला उत्तरं एका शब्दाची होतात.

लेखी मागाल तर थोडंच मिळेल. पंधरा वर्षांच्या मुलाला मराठीत टाइप करायचा कंटाळा असतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तो बोलून तीन मिनिटांचा संदेश सहज पाठवतो. त्यात अर्धं हिंदी, अर्धं मराठी असतं आणि मजकूर सोन्यासारखा असतो. आमच्यातला एक जण हे सगळे संदेश ऐकून वहीत उतरवतो. नाव, वय, कोणत्या फोनवर खेळतो आणि काय म्हणाला, एवढंच. ही वही पुढचा अंक ठरवताना टेबलावर उघडी असते. आजोबा मंडळींसाठी मात्र पोस्टकार्ड ठेवा. ते अजून पन्नास पैशांना मिळतं आणि त्यावर अक्षर सुंदर येतं.

सगळ्यात जास्त शिकवतं ते शेजारी बसून बघणं. अंक छापायला जाण्याआधी त्याची साधी प्रत काढा आणि दोघांना वाचायला द्या, एक खेळणारा आणि एक न खेळणारा. तुम्ही जवळ बसा आणि गप्प राहा. बोट कुठे थांबतं, कुठलं पान न वाचता उलटलं जातं, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं जातं, ते टिपून ठेवा. समजावून सांगायचा मोह फार होतो. तो आवरा, कारण छापलेल्या अंकाबरोबर तुम्ही जाणार नसता. अशाच एका बैठकीत दिसलं की गेमचा प्रकार सांगणारी ओळ पानाच्या तळाशी होती आणि न खेळणारा वाचक ती शोधत होता. ती वर आली.

मतं एकमेकांच्या विरुद्ध जातील. कोणी म्हणेल लेख मोठे आहेत, कोणी म्हणेल अजून लिहा. अशा वेळी तक्रार आणि उपाय वेगळे करा. एकाच जागी तिघं अडखळले तर तिथे नक्की काहीतरी आहे. पण ‘इथे चित्र टाका’ हा त्यांनी सुचवलेला उपाय योग्यच असेल असं नाही. कधी नुसता परिच्छेद तोडून काम होतं.

लोकप्रिय गेमला कमी गुण दिलेत तर राग येणारच. गुण बदलू नका. रागावलेल्या वाचकाचं पत्र पूर्ण छापा, आणि त्यात काही खरं असेल तर तिथेच तसं लिहा. एका मुलाने आमचं परीक्षण न पटून आम्हाला पानभर सुनावलं होतं. आज तो शेजारच्या चौकटीतलं मुरलेल्या खेळाडूचं मत लिहितो.

पैसे आणि कायद्याबद्दल इतकंच. परीक्षणापुरते स्क्रीनशॉट वापरायला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ चा आधार आहे, पण मुखपृष्ठावर कंपनीचं चित्र टाकायचं तर परवानगी मागा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिराती २०२५ च्या कायद्याने बंद आहेत. त्या कुणी देऊ केल्या तरी घेऊ नका. गेम कंपनीने फुकट दिला असेल तर तसं परीक्षणाखाली छापा. छापील अंक नियमित निघायला लागला की २०२३ च्या नियतकालिक कायद्याखाली नोंदणी करावी लागते का, ते एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून घ्या.

प्रत्येक अंकाच्या दुसऱ्या पानावर आम्ही ‘तुमच्यामुळे बदललं’ असं सदर ठेवतो. मागच्या अंकावरच्या कोणत्या सूचनेमुळे या अंकात काय बदललं ते, सुचवणाऱ्याचं पहिलं नाव आणि मोहल्ला. जी सूचना मान्य केली नाही तिचं कारणही तिथेच देतो. स्वतःचं नाव तिथे बघितलेला वाचक पुढच्या वेळी विचारायची वाट बघत नाही. त्याचा संदेश अंक पोचला त्याच रात्री येतो.