बिल्डरूटमध्ये आपल्या फायली वेगळ्या ठेवा राव

बिल्डरूट (छोट्या उपकरणांसाठी लिनक्सची इमेज बनवून देणारं टूल) वापरत असाल तर प्रोजेक्टच्या फायली त्याच्या मूळ सोर्समध्ये कोंबू नका, नंतर व्हर्जन अपग्रेड करताना कुठली फाइल आपली आणि कुठली त्यांची हे शोधता शोधता डोकं फिरतं. त्यापेक्षा बाहेर एक्स्टर्नल ट्री, म्हणजे फक्त आपल्या फायलींचं वेगळं फोल्डर करा. त्यात एक्स्टर्नल डॉट डेस्क, एक्स्टर्नल डॉट एमके आणि कॉन्फिग डॉट इन या तीन फायली लागतातच, शेवटच्या दोन रिकाम्या चालतात पण पहिलीत नाव लिहावंच लागतं. पहिल्यांदा मेक (बिल्ड चालवणारी कमांड) करताना बीआर२ एक्स्टर्नल या व्हेरिएबलला या फोल्डरचा पाथ द्या, पुढे बिल्डरूट तो लक्षात ठेवतं. या फोल्डरात डिफकॉन्फिग (आपण निवडलेल्या सेटिंग्जची फाइल) कॉन्फिग्समध्ये, पॅचेस आणि कर्नल कॉन्फिग बोर्डमध्ये, बास.

मी आधी थेट आउटपुटमधल्या टार्गेट फोल्डरात जाऊन नेटवर्कची इंटरफेसेस फाइल एडिट करायचो (शहाणपणा!). अंधेरीच्या ऑफिसात एका संध्याकाळी मेक क्लीन (बनलेलं आउटपुट पुसणारी कमांड) मारलं आणि दोन दिवसांचे बदल साफ, ते परत करत बसलो तोवर विरार फास्ट पण गेली. आता ओव्हरले ठेवतो, म्हणजे बोर्डखाली एक फोल्डर आणि त्यात ईटीसी, नेटवर्क, इंटरफेसेस असाच्या असा पाथ, मेन्युकॉन्फिग या सेटिंग्जच्या मेन्यूतल्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये त्याचा पत्ता दिला की इमेज बनायच्या आधी आपली फाइल वरून कॉपी होते.

आणि हो, मेन्युकॉन्फिगमध्ये काही बदललं की मेक सेव्हडिफकॉन्फिग (बदल डिफकॉन्फिगमध्ये उतरवणारी कमांड) विसरू नका, नाहीतर बदल नुसत्या डॉट कॉन्फिगमध्ये राहतो आणि गिटमध्ये जातच नाही.