पोटोमॅककाठची खेचरवाट सायकलने कशी करावी

ही वाट अमेरिकेत, पोटोमॅक नदीच्या काठाने जाते. निघायचं ते मेरीलंडमधल्या कम्बरलंडहून, वॉशिंग्टनहून नव्हे. तिथून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत २९७ किलोमीटर, नदी सतत सोबतीला. 'सगळा उतारच आहे' असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. १८४ मीटरचा उतार कालव्याच्या ७४ लॉकवर (बोटी पायरीपायरीने वरखाली करणाऱ्या दरवाज्यांच्या हौदांवर) वाटलेला आहे, पायांना तो कळतही नाही.

टायर ३५ मिलिमीटर किंवा रुंद घ्या. ही वाट सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्यातल्या बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठी केलेली. पावसात नुसता चिखल. मुक्कामाला काठावरचे फुकट तळ आहेत, आधी येईल त्याची जागा. हिवाळ्यात तिथले हातपंप बंद असतात.

आता पॉ पॉ बोगदा, ज्यातून कालवा आणि ही वाट दोन्ही जातात. कम्बरलंडपासून साधारण ४७ किलोमीटरवर. नदीची वळणं टाळायला १८३६मध्ये खोदायला घेतला, १८५०मध्ये खुला झाला. लांबी ९५० मीटर, आत दिवा नाही.

पहिल्या खेपेला मी सायकलवर बसूनच आत शिरलो, हँडलला मिणमिणता दिवा. शंभरेक मीटरवर हँडल कठड्याला अडकलं, कोपराची साल विटांना गेली. सायकल कालव्यात पडली नाही हे नशीब.

तेव्हा तोंडाशीच उतरा. दिवा डोक्याला लावा, हँडलला नको: सायकल ढकलताना हँडलचा उजेड पुढे पडतो आणि खड्डे, डबकी असतात पायाखाली. पलीकडचा उजेडाचा ठिपका फार फसवा. जवळ वाटतो, दहा मिनिटं चाललं तरी तेवढाच. त्याच्याकडे बघत चालणारा हमखास ठेचकाळतो. समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला टेकून थांबायचं. दोन सायकली शेजारून जात नाहीत, प्रयत्नही करू नका. पूर्वी आत दोन बोटी समोरासमोर आल्या की कुणीच मागे हटत नसे, म्हणतात.

थांबलात तर कठड्यावरून हात फिरवा. बोटींच्या दोरांनी लाकडात पाडलेल्या खाचा बोटांना लागतात.

दरडींमुळे बोगदा कधी बंदही ठेवतात. निघण्यापूर्वी सी अँड ओ कालव्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बघाच, नाहीतर सामानासकट सायकल डोंगरावरून ढकलत न्यावी लागते. तो वळसा मी एकदा घेतलाय, पुन्हा घेणार नाही.

पलीकडे बाहेर पडल्यावर लगेच टांग मारू नका. पुढे कातळातली खिंड आहे, आणि तिथल्या वाटेवरच्या फळ्या ओल्या असल्या की चाक घसरतं.