ऑल-इन-वन रीफ टँक घेतलाय? आधी मागचे कप्पे सुधारा

रीफ टँक म्हणजे कोरल आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. ऑल-इन-वन म्हणजे खाली वेगळा सम्प (फिल्टरची टाकी) नाही, फिल्टर, पंप, हीटर सगळं मागच्या दोन-तीन कप्प्यांत. घ्यायचाच असेल तर ७०-१०० लिटरचा घ्या, त्याहून लहान नको, कारण पाणी थोडं असलं की खारटपणा आणि तापमान पटकन वरखाली होतं आणि कोरलला नेमकं तेच सोसत नाही. दगड, पाणी, स्टँड धरून वजन बरंच होतं, तेव्हा जागेची लेव्हल आधीच बघून घ्या.

पाणी आरओडीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. पिण्याच्या आरओचं चालेल का असं सगळे विचारतात, तर नाही, त्यात क्षार उरतात आणि मग शेवाळ आवरत नाही. मीठ मरीनचंच, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, वेगळ्या बादलीत पंप लावून रात्रभर फिरवा आणि दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं साधन) सापेक्ष घनता १.०२५-१.०२६ बघा. तो मीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओवर नको.

आता मॉडिफिकेशन. कंपनीने दिलेला जाडा स्पंज पहिल्यांदा काढा. त्यात अन्न आणि घाण अडकते, कुजते, नायट्रेट वाढतं. त्या जागी मीडिया बास्केट (फिल्टरचं साहित्य थरांत ठेवायची टोपली) बसवा, वर फ्लॉस म्हणजे घाण गाळणारा कापसासारखा थर, त्याखाली कार्बन, तळाला जिवाणू वाढायला सिरॅमिक मीडिया. फ्लॉस दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा, हे टाळलं तर बास्केटचाही काही उपयोग नाही. मधल्या कप्प्यात जागा असेल तर कीटोमॉर्फा शैवाल ठेवा, मागच्या काचेवर काळी फिल्म असली तर तेवढाच तुकडा खरवडून बाहेरून छोटा एलईडी लावा, नायट्रेट-फॉस्फेट ते खाऊन टाकतं. रिटर्न पंप शेवटच्या कप्प्यात असतो आणि बाष्पीभवनाने पातळी तिथेच खाली जाते, म्हणून ऑटो टॉप-अप (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं साधन) लावाच आणि त्यात साधं आरओडीआय भरा, खारं नाही, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ आतच राहतं.

आपल्याकडे खरा शत्रू उष्णता आहे. पाणी २४-२६ अंशांत ठेवायचं. पुण्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून पाण्यावर क्लिप-ऑन फॅन लावला तरी दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे बाजूला काढूनच टँक घ्या. काचेच्या झाकणाऐवजी जाळी लावा, मासे उड्या मारून बाहेर पडत नाहीत आणि गरमीही अडकत नाही. लाइट जाणाऱ्या भागात वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर टाका.

मग सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होऊ देणं. अमोनिया देऊन चार ते सहा आठवडे थांबा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाल्याशिवाय मासा नको. पहिली क्लाउनफिशची जोडी, नंतर झोअँथस, मशरूमसारखे सोपे कोरल. अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता) ८-९ डीकेएच या एककात ठेवा, आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. कडक कोरल (दगडासारखा सांगाडा असणारे) आणि सी फॅन (पंख्यासारखे पसरलेले कोरल) मात्र २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे मालवणला किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही उचलून आणू नका, आणि दुकानदार विकत असला तरी घेऊ नका. दगड हवाच असेल तर कृत्रिम, कोरडा रॉक घ्या, त्यात नको असलेले किडेही येत नाहीत.