ओढ्याचं पाणी मोजायचं कसं?

खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले, हे पावसाळ्यात पुण्यातलं शाळकरी पोरही सांगतं. गावच्या ओढ्याचा हिशेब मात्र ‘घोट्याएवढं’, ‘बऱ्यापैकी’ आणि ‘आटत आलंय’ इथेच संपतो. रब्बीला कांदा करायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे ‘बऱ्यापैकी’वरून ठरत नाही. टेप, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, मोबाइलमधलं घड्याळ, एक संत्रं आणि वही एवढ्यावर ओढा मोजता येतो.

आधी जागा शोधा. पंधरा-वीस मीटर सरळ पात्र, पक्के काठ, मध्ये भोवरा किंवा मोठा धोंडा नको. खालच्या अंगाला बंधारा किंवा पाणी तुंबवणारं काहीही नको. पुरंदरमधल्या आमच्या ओढ्यावर मी पहिली पट्टी फरशी पुलाच्या वरच्या अंगाच्या डोहात ठोकली, कारण तिथे उभं राहायला सोयीचं होतं. नोव्हेंबरात धार रोज बारीक होत होती आणि पट्टीवर पाणी चक्क दहा सेंटिमीटर चढलं! खाली कुणीतरी मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह बुडावा म्हणून मातीची पोती रचली होती. तीन आठवड्यांच्या नोंदी वाया गेल्या.

पट्टी लाकडाची नको, फुगते. सेंटिमीटरच्या खुणा केलेली ॲल्युमिनियमची पट्टी साकवाच्या खांबाला किंवा काठच्या कातळाला बोल्टने आवळा. ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी उपटणार नाही. पट्टीचा शून्य उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खाली हवा. मग पुराच्या वर, न हलणाऱ्या खडकावर छिन्नीने एक खूण करा आणि गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने ती शून्यापासून किती उंच आहे ते मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पट्टी वाहून गेली तरी नवी नेमक्या त्याच उंचीवर बसवता येते. ही खूण करायचा लोक कंटाळा करतात आणि पहिल्या पुरानंतर पस्तावतात.

पातळी रोज एकाच वेळी वाचा. पाणी हलत असेल तर वरचा आणि खालचा आकडा घेऊन मधला लिहा.

आता प्रवाह. काठावर दहा मीटरच्या अंतराने दोन खुंट्या रोवा. त्यांच्या दरम्यान ओढ्यावर आडवी दोरी ताणून ठरावीक अंतरावर खोली मोजा. समजा पात्र 2.4 मीटर रुंद आहे आणि दर 40 सेंटिमीटरला खोली 8, 15, 22, 18 आणि 10 सेंटिमीटर भरली. बेरीज 73, म्हणजे 0.73 मीटर, गुणिले 0.4. पात्राच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ झालं 0.292 चौरस मीटर. दोन-तीन ठिकाणी असे छेद घेऊन सरासरी काढली तर आणखी बरं.

मग वरच्या खुंटीच्या थोडं वरच्या अंगाला संत्रं सोडा. पान किंवा थर्माकोल नको, वारा त्याला ढकलतो. संत्रं बरंचसं बुडून चालतं. पाच वेळा सोडा, अडकलेली फेरी धरू नका. दहा मीटरला सरासरी 25 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून 0.85 ने गुणायचं. गोट्यांच्या उथळ पात्रात त्याहून कमी धरा. 0.292 × 0.4 × 0.85 म्हणजे सेकंदाला सुमारे 99 लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, तेव्हा साडेतीन क्युसेक.

धार करंगळीएवढी उरली की हे सगळं निरुपयोगी. दगडमातीने पाणी एका पाइपात वळवून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. 15 लिटरची बादली 12 सेकंदांत भरली तर सेकंदाला सव्वा लिटर. कमी वाटतं ना? दिवसाला ते एक लाख आठ हजार लिटर होतं.

वेगवेगळ्या पातळ्यांना असा आठ-दहा वेळा प्रवाह मोजा आणि आलेखाच्या कागदावर पातळीसमोर प्रवाह मांडून वक्ररेषा काढा. त्यानंतर नुसती पट्टी वाचली की प्रवाह कळतो. मात्र मोठ्या पुरात गाळ सरकतो, पात्र बदलतं. तेव्हा दोन-तीन मोजण्या पुन्हा करून रेषा तपासा.

पाणी गढूळ होऊन गुडघ्याला लागलं की आत उतरायचं नाही. पट्टी काठावरूनच वाचा. रात्रीच्या लोंढ्यासाठी खाली भोकं पाडलेला, वरून झाकलेला पीव्हीसी पाइप उभा बांधा आणि आत खडू घासलेली काठी ठेवा. पाणी चढलं तिथपर्यंत खडू पुसतो.

वहीत तारीख, वेळ, पातळी, पाऊस असे रकाने आखा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. ‘बंधाऱ्याला फळ्या घातल्या’, ‘वर दोन मोटारी चालू’, ‘म्हशी बसल्यात’ असं तिथे लिहिलेलं नसेल, तर मार्चमध्ये त्या आकड्यांकडे बघून डोकं खाजवत बसावं लागतं.