भारी वायरलेस गेमिंग हेडसेट घेताय? बॉक्स फोडण्याआधीची तयारी

वीस-पंचवीस हजारांच्या वरचा वायरलेस गेमिंग हेडसेट घ्यायचा ठरला की तो पारखायला आपल्या हातात जेमतेम आठवडा असतो. ऑनलाइन घेतलात तर बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांची मुदत, तीही पुष्कळदा फक्त बदलून देण्यापुरती, पैसे परत नाहीत. दुकानातून घेतलात तर बॉक्स फोडला की विषय संपला. म्हणून काय काय तपासायचं आणि कुठल्या दिवशी, हे माल घरी यायच्या आधीच ठरवून ठेवा. आणि तपासणी घरी करायची, आपल्या खोलीत, आपल्या पंख्याखाली. मॉलमधल्या गारेगार शोरूममध्ये सगळेच हेडसेट गुणी वाटतात.

पहिलं काम कागदावरचं. आपण कशाकशावर खेळतो ते लिहून काढा, कारण अर्धे हेडसेट इथेच बाद होतात. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स दोन्ही ब्लूटूथ हेडफोन घेत नाहीत, त्यांना डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये लावायचा हेडसेटचा छोटा वायरलेस रिसीव्हर) किंवा कंपनीचा स्वतःचा वायरलेस लागतो. त्यातही एक्सबॉक्सचं वेगळंच घोडं. प्लेस्टेशनसाठी आलेला डोंगल त्याला चालत नाही, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन-तीन आवृत्त्या विकायला असतात आणि बॉक्सच्या कोपऱ्यातलं चिन्ह न बघता चुकीची उचलली जाते. निन्टेन्डो स्विचला २०२१च्या अपडेटनंतर ब्लूटूथवर आवाज येतो, पण माइक चालत नाही. फोनवर बीजीएमआयसारखे गेम खेळणाऱ्यांनी डोंगल टाइप-सी आहे का, आणि तो फोनला लावला की चार्जिंग कुठून करणार, याचा आधीच विचार करावा. तासभर खेळून बॅटरी वीस टक्क्यांवर आली की हा प्रश्न हटकून आठवतो.

पीसीवाल्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत. ब्लूटूथवर गाणी छान वाजतात म्हणून तेच गेमला चालेल असं धरू नका. विंडोजवर साध्या ब्लूटूथने जोडलेल्या हेडसेटचा माइक सुरू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते. स्टिरिओ जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ब्लूटूथ ५.२ पासून आलेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीने हे सुधारतं, पण त्यासाठी हेडसेट, कॉम्प्युटर आणि विंडोज तिघांनीही साथ द्यावी लागते. म्हणून या किमतीत २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल हवाच. ब्लूटूथ त्याच्या जोडीला असावं, आणि दोन्ही एकाच वेळी चालतात की बटण दाबून बदलावं लागतं, हे विकत घेण्याआधी विचारा. रँक्ड मॅच चालू असताना आईचा फोन आला तर तो कानातच उचलता यावा, एवढीच माफक अपेक्षा.

आता दुकान. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराला, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पाच-दहा मिनिटांत पोचता. तिथे भाव विचारताना 'बिलासकट की बिलाशिवाय' हा प्रश्न हमखास येतो. बिलासकटच घ्या. बिलाशिवायचा माल बहुधा ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला असतो आणि भारतातली वॉरंटी त्याला मिळेलच असं नाही. बॉक्सवर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला असायला हवा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीही बघा, वायरलेस हेडफोनला ती सक्तीची आहे. यातलं काही नसेल आणि दुकानदार 'साहेब, माल ओरिजिनल आहे' एवढंच म्हणत असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात शिरा.

दुकानात डेमो पीस असेल तर आवाजापेक्षा वजन आणि दाब बघून घ्या. आकडे कंपन्या देतातच. ऑडिझी मॅक्सवेल ४९० ग्रॅमचा आहे, लॉजिटेकचा जी प्रो एक्स २ लाइटस्पीड ३४५ ग्रॅमच्या आसपास. मॅक्सवेलमध्ये ९० मिलिमीटरचे प्लॅनर ड्रायव्हर (सपाट पडद्याचे, आवाज काढणारे भाग) आहेत, त्याचा आवाज ऐकून माणूस विरघळतो, पण दीडशे ग्रॅमचा फरक मानेला तिसऱ्या तासाला कळतो. चष्मा असेल तर चष्मा लावूनच घालून बघा. काडी कानाच्या वर दाबली जाते का, आणि तिच्यामुळे गादी आणि गाल यांत फट राहते का. फट राहिली की बास, म्हणजे खर्जाचा आवाज, गळतो आणि आपण उगाच हेडसेटला नावं ठेवतो.

घरी आल्यावर सील फोडण्याआधी मोबाइल उभा करून एका दमात व्हिडिओ घ्या. लेबल, सीरियल नंबर, आतल्या सगळ्या वस्तू. बॉक्सवरचा नंबर हेडसेटवरच्या नंबराशी जुळवा. मग लगेच खेळायला बसू नका. आधी पूर्ण चार्ज, मग कंपनीचं सॉफ्टवेअर, मग हेडसेट आणि डोंगल दोघांचंही फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. जुन्या फर्मवेअरवर तपासणी करण्यात काहीच अर्थ नाही. पहिली संध्याकाळ यातच जाते, आणि ती आठवड्यातून वजा धरा.

डोंगलला मात्र भरपूर वेळ द्या, कारण मुंबईत खरी गंमत तिथेच होते. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सगळ्यांसाठी मोकळा आहे. वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच गल्लीत. वायफायचे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल त्या पट्ट्यात तीनच: १, ६ आणि ११. वायफाय दाखवणारं कुठलंही अ‍ॅप फोनवर उघडा आणि आपल्या बिल्डिंगमध्ये किती राउटर दिसतात ते बघा. वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले, सगळ्यांची नावं रांगेने येतात. परदेशातल्या ऐसपैस घरात बसून केलेल्या रिव्ह्यूमध्ये 'कनेक्शन एकदम पक्कं' असं म्हटलेलं असतं, त्यात ही गर्दी धरलेली नसते.

म्हणून आपली चाचणी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान घ्या, सगळी बिल्डिंग मालिका, क्रिकेट आणि रील्स बघत असते तेव्हा. डोंगल आधी पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, कॅबिनेट नेहमीसारखं टेबलाखाली. अर्धा तास खेळा. आवाज तुटतो का, बारीक टिकटिक येते का, ते टिपून ठेवा. मग डोंगल छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनवर टेबलावर, डोळ्यांसमोर आणा आणि तेच परत करा. कॅबिनेटचा पत्रा आणि आपलं शरीर दोन्ही सिग्नल अडवतात, त्यामुळे एवढ्यानेच बहुतेक तक्रारी मिटतात. शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ची एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल तर ती काढून बघा. यूएसबी ३ची केबल आणि कनेक्टर नेमका याच पट्ट्यात गोंगाट करतात, आणि इंटेलने २०१२ सालीच त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यानंतर मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवून मिनिटभर चालवा. शेवटी हेडसेट घालून स्वयंपाकघरापर्यंत आणि बाल्कनीपर्यंत जाऊन या. बॉक्सवर तीस मीटर लिहिलेलं असेल, पण ते मोकळ्या मैदानातलं, आपल्याकडे मध्ये आरसीसीची भिंत आणि फ्रिज. घरातला पीसी आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर किंवा केबलवर नेऊन पाहा. तेवढं करूनही आवाज तुटत असेल तर पीस परत करा. किंमत बघून सहन करत बसू नका.

लॅग, म्हणजे आवाज पोचायला होणारा उशीर, मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गेमच्या सराव मैदानात उभे राहा, फोन माउसजवळ ठेवा, हेडसेटची एक वाटी फोनच्या माइकला चिकटवा आणि रेकॉर्डिंग सुरू करून दहा-बारा गोळ्या झाडा. ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की प्रत्येक गोळीचे दोन उंचवटे दिसतात, आधी माउसच्या क्लिकचा, मग हेडसेटमधून आलेल्या गोळीचा. त्यांच्यातलं अंतर मोजा. मग तसंच साध्या वायरच्या इअरफोनने करा. दोन सरासरींमधला फरक म्हणजे वायरलेसचा लॅग. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. फरक वीस-तीस मिलिसेकंदांच्या घरात आला तर निश्चिंत राहा. साध्या ब्लूटूथवर तो दीडशे-दोनशेच्या घरात गेलेला दिसेल, म्हणजे गोळी लागल्यावर आवाज.

आता आवाज. बॉक्सवरचं ७.१ सराउंड वाचून भारावू नका. प्रत्येक कानात बहुतेक वेळा एकच ड्रायव्हर असतो, बाकीचा सगळा सॉफ्टवेअरचा खेळ. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांच्यात दिशेचा आवाज घडवणारी एचआरटीएफची सोय गेममध्येच आहे, प्लेस्टेशन ५ मध्ये त्याच कामासाठी टेम्पेस्ट आहे. ते चालू असताना हेडसेटचा सराउंड बंद ठेवा, नाहीतर प्रक्रियेवर प्रक्रिया होऊन पावलं कुठून येतात तेच कळत नाही. तपासायला मित्राला गेममधल्या कस्टम रूममध्ये (फक्त ओळखीच्यांसाठी उघडलेल्या मॅचमध्ये) बोलवा, त्याला तुमच्याभोवती चालायला लावा, डोळे मिटा आणि तो जिथे आहे तिथे बोट दाखवा. पुढे-मागे गोंधळ थोडा सगळ्यांचाच होतो. डावं-उजवं आणि तिरकं मात्र चुकता कामा नये.

गेमिंग हेडसेटमध्ये बास फुगवून ठेवायची खोड असते. ती पकडायला माझ्याकडे आपलं देशी औषध आहे, ढोल-ताशा पथकाचं चांगलं रेकॉर्डिंग. ढोलाच्या एका बाजूला खर्ज, दुसरीकडे टिपरूची टणक थाप, आणि वर ताशाची कडकड. चांगल्या हेडसेटवर ताशाची प्रत्येक काडी वेगळी ऐकू येते आणि ढोल पोटात लागतो. बास फुगवलेल्यावर ताशा ढोलाखाली बुडतो, आणि तिथे ताशा बुडतो तशीच गेममध्ये स्फोटाखाली पावलं बुडतात. आधी इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याची सोय) सपाट ठेवून ऐका, मग आपल्या आवडीने फिरवा. सॉफ्टवेअर बंद केल्यावर ती सेटिंग हेडसेटमध्ये टिकते का, हेही बघा. पीसीवरून प्लेस्टेशनला नेलं की पुष्कळांची सेटिंग हवेत विरते.

माइकची परीक्षा आपल्या घरात कठीण असते. तीन रेकॉर्डिंग करा: पंखा बंद, पंखा पाचवर, आणि पंखा पाचवर असताना कुकरच्या शिट्टीच्या वेळी. तिन्ही डोंगलवरून. स्वतः ऐका आणि ज्याच्याशी रोज खेळता त्यालाही पाठवा, तो तोंडावर खरं सांगेल. पंखा कापताना आपल्या शब्दांची शेवटची अक्षरंही कापली जात असतील तर माइकचं नॉइज कॅन्सलेशन एक पायरी खाली आणून परत ऐका. साइडटोन, म्हणजे आपला आवाज आपल्यालाच ऐकू येण्याची सोय, या यादीत वरच्या जागी ठेवा. बंद वाट्यांच्या हेडसेटमध्ये आपण किती ओरडतोय याचा पत्ता लागत नाही आणि रात्री एक वाजता 'मागे आहे, मागे आहे' ऐकून शेजारचे काका खरोखर मागे लागतात.

बाहेरचा आवाज कानापर्यंत कमी पोचवणारं नॉइज कॅन्सलिंग असेल तर त्याच्याकडून एसी आणि पंख्याची घरघर घालवण्याची अपेक्षा ठेवा. हॉर्न, शिट्टी, भांडण हे सगळं आत येणारच. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेण्याची सवय मात्र वाईट. डब्ल्यूएचओ आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या मानकानुसार मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ वर गेलात की आठवड्याचे पाच तास उरतात. मुलांसाठी मर्यादा ७५ची.

आराम तपासायला एक सुट्टीचा दिवस राखून ठेवा. एसी बंद, सलग तीन तास. कानशिलं, टाळू, जबडा, कुठे ठणकतं ते बघा. मुंबईच्या दमटपणात पीयू लेदरच्या (नकली चामड्याच्या) गाद्या घाम पिऊन सोलवटू लागतात, काळे कपटे गालाला चिकटतात. कापडी गादी थोडा बास कमी करते पण पावसाळ्यात सुसह्य असते. गादी हाताने निघते का आणि सुटी जोडी भारतात मिळते का, हे विकत घेण्याआधीच शोधून ठेवा. मिळत नसेल तर तो हेडसेट दोन वर्षांचाच धरा.

बॅटरीचे आकडे मध्यम आवाजातले आणि दिवे बंद ठेवून घेतलेले असतात. हायपरएक्स क्लाउड अल्फा वायरलेसला कंपनी ३०० तास सांगते, स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेससोबत दोन बदलत्या बॅटऱ्या येतात, एक डोक्यावर आणि एक बेस स्टेशनमध्ये चार्ज होत. आठवड्यात तीनशे तास तपासणं शक्य नाही. रोज किती तास खेळलात आणि किती टक्के उतरले एवढं लिहा, हिशोब आपोआप निघतो. चार्जिंग चालू असताना वापरता येतो का, तेही बघा. रंगीत दिव्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही, आपल्याच डोक्यावरचे दिवे आपल्याला दिसत नाहीत.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी टिपणं काढून बसा. डोंगल, माइक आणि तीन तासांचा आराम, या तिघांपैकी एकातही नापास असेल तर परत पाठवा. आवाज थोडा मनासारखा नसेल तर इक्वलायझरने भागतं. ठेवायचं ठरलं तर त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर वॉरंटी नोंदवा, बॉक्स कपाटावर टाका, आणि दुकानाचं बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात.